ठमाबाईंना हसवायचं नाही

कोपर,
३ जानेवारी १९५४

श्री. गोपीनाथ केणे यांस,

चार महिने पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल क्षमा मागते. खरं तर ही क्षमा मला मागायची नव्हती. भाद्रपदातल्या माझ्या पत्राचं उत्तर तुमच्याकडून येणं होतं आणि ते आल्याशिवाय लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण ठरवून गप्प बसणं हाही रागच. रागापायी तुमच्या आईची खबर तुमच्यापासून दाबून ठेवायचा मला अधिकार नाही. म्हणून क्षमा. तेवढ्यापुरतीच.

(‘तुम्ही’ लिहिते ते सवयीनं. कोर्टाच्या निकालात त्याबद्दल काही नाही. पुन्हा वाचून पाहिला.)

आईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डावा डोळा गेलाच. उजव्यानं उजेड-अंधार कळतो, माणूस आहे की खांब ते कळत नाही. ठाण्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, उन्हाळा कडक व्हायच्या आत उजवा डोळा करून घ्या, पुढे मी सांगू शकत नाही. आईंना हे तीन वेळा समजावलं. तिन्ही वेळा एकच उत्तर: “गोपी येऊन उशाशी बसला तरच. नायतर हाय तसाच बरा हाय.”

गेल्या मंगळवारी आमच्या शाळेचे तपासनीस घरी आले होते. ओटीवर वाकून ते वहाणा काढत होते. आईंना वाटलं, आपली पांढरी बकरी. पुढचं लिहीत नाही.

तुम्ही येणार का, एवढाच प्रश्न आहे. तुमच्या सोयीसाठी सोबत एक पोस्टकार्ड ठेवलं आहे. त्यावर माझा पत्ता आहे आणि मागे लिहिलं आहे, ‘येतो / येत नाही.’ नको असेल ते खोडून पेटीत टाका. यात विनोदाला जागा ठेवलेली नाही.

कलावती फणसे



दादर,
१९ जानेवारी

कला,

पोस्टकार्ड परत पाठवतोय. दोन्ही खोडलंय. प्रश्न सोपे विचारत जा गं, मी गणितात पहिल्यापासून कच्चा.

रागावू नकोस. इकडे सिनेमाचं काम चालू आहे. मला विहिरीत पडायचंय. दिग्दर्शक म्हणतो, केणेसाहेब, पडलात छान, पण चेहऱ्यावर पडण्याचं दुःख नाही. सात वेळा पडलो. आठव्यांदा खरोखरच दुःख झालं, तर म्हणाला, आता हसू येत नाही. आईला सांग, पोरगा पाण्यात आहे. त्यानंतर नागपूरचा दौरा, मग इंदूर. मार्चचं मार्चमध्ये बघू.

आईला माझा नमस्कार. माझ्याऐवजी तूच बस की उशाशी, तू बसलीस की कोणालाही उठायची भीती वाटते.

आणि हे काय, तपासनीसांचं अर्धवट सोडलंस? पुढे काय झालं? सविस्तर लिही. नेसले काय होते, तेही.

गोपी



कोपर,
२४ जानेवारी

श्री. गोपीनाथ यांस,

तुमचं पत्र वाचून ते पाटाखाली टाकलं आणि दोन दिवस त्या पाटावर बसले. तिसऱ्या दिवशी लिहायला घेते आहे.

तपासनीसांची हकीकत सांगायची नव्हती. पण अर्धी सांगून ठेवणं हे खोटं सांगण्याला फार जवळचं आहे, म्हणून पुरी करते. त्यांनी पांढरं धोतर आणि पांढरा सदरा घातला होता. डोक्याला टक्कल. आईंनी त्यांचा कान धरला आणि खांबापर्यंत नेलं. ते म्हणाले, “अहो आजी, मी तपासनीस आहे.” आई म्हणाल्या, “तू कोनी बी अस. काल सुपातलं तांदूल तूच खाल्लंस.” मी आतून धावत येईपर्यंत त्यांनी तांदूळ खाल्ल्याचं जवळजवळ कबूल केलं होतं. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, ‘बाईंच्या घरची शिस्त शाळेहून कडक.’

यात हसण्यासारखं आहे, हे मला कळतं. पण माणूस आणि बकरी यांत फरक न कळणारी एक म्हातारी दिवसभर घरात एकटी असते. मी सकाळी डोंबिवली स्टेशनपर्यंत चालत जाते, कल्याणला शाळा करते, संध्याकाळी परत येते. तेवढ्या वेळात चूल, विहीर, उंबरा, सगळं तिथंच असतं. हसून झाल्यावर तेवढं डोळ्यांपुढे आणा.

डॉक्टरांनी २ मार्च दिला आहे. त्यानंतर दहा दिवस दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, रडायचं नाही, हसायचं नाही. धक्का बसून टाका सुटला तर डोळा गेला. आईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, “गोपी येल तं मी हसल्याबिगर कशी रेन?” म्हणजे तुम्ही आल्याशिवाय त्या जाणार नाहीत आणि तुम्ही आलात तर डोळा धोक्यात. तुम्ही घरात होतात तेव्हाही सगळे प्रश्न असेच असायचे.

नवं पोस्टकार्ड पाठवत नाही. कागदावर उत्तर द्या.

कलावती



कोपर,
१० फेब्रुवारी

श्री. गोपीनाथ केणे यांस,

तुमचं उत्तर आलेलं नाही. तरी लिहिते, कारण आता हे शेवटचं.

काल शेजारच्या गोमाजींच्या मुलीची हळद होती. आईंना घेऊन गेले. तुम्हाला आपल्याकडच्या हळदी माहीत आहेत. सगळं गाव अंगणात, बाया गाणी म्हणतायत, आणि यंदा भर म्हणून गोमाजींनी डोंबिवलीहून भाड्यानं ग्रामोफोन आणि कर्णा आणला होता. बायांची गाणी थांबली की तबकड्या. चौथी तबकडी तुमची निघाली. नाव, ‘बाईंचं पत्र’.

पहिली दोन वाक्यं ऐकून मला वाटलं, कोण बाई आहे ही, बरं लिहिते. तिसऱ्या वाक्याला हातातला हळदीचा वाडगा खाली ठेवला. “कोर्टानं नवरा-बायको वेगळे केले. सासू-सून वेगळ्या करायचं कोणाला सुचलंच नाही.” अंगण फुटलं हसण्यानं. “मुलाच्या तसबिरीला त्या रोज सकाळी शिव्या देतात आणि नंतर पदरानं पुसतात. शिव्यांनी काच खराब होते, असं त्यांचं मत आहे.” पुन्हा हशा. बाजूला बसलेल्या आवडाबाई माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाल्या, “बाई गो, हुबेहूब तुझ्यासारकीच बोलते!”

सगळ्यांत जास्त कोण हसलं असेल? तुमच्या आई. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारणींना सांगत होत्या, “माजा पोरगा हाय तो कर्ण्यान. आनि ती म्हातारी, ती मी.”

घरी येऊन भाद्रपदातल्या पत्राची माझ्याकडची नक्कल काढली. ताडून पाहिली. तुम्ही काहीच बदललेलं नाही, मध्ये दोनदा खोकलात फक्त. म्हणजे मी पोटतिडकीनं लिहायचं, तुम्ही उत्तर द्यायचं नाही, म्हणजे मी आणखी चिडून लिहायचं, आणि तुमची पुढची तबकडी तयार. ‘सविस्तर लिही’ म्हणालात ते त्यासाठी. कान धरलेले तपासनीस आता कुठल्या अंगणात ऐकायला मिळणार?

मी कोर्टात कशासाठी गेले होते, ते तरी आठवतं का? सोमवारी आपलं भांडण व्हायचं आणि शनिवारी ते रंगमंचावर यायचं. भांडण माझं आणि टाळ्या तुमच्या. न्यायाधीशांना हे सांगताना तेही हसू दाबत होते. त्या वेळी वाटलं, आता सुटले.

एक गोष्ट मात्र मला लिहिलीच पाहिजे, नाहीतर हे पत्रही अर्धवट होईल. नकलेत त्या कोर्टाच्या वाक्यावर तीनदा खाडाखोड आहे. आधी ते लांब होतं. मी ते तोडलं, शब्द मागेपुढे केले, जमेपर्यंत केले. आईंच्या डोळ्यांची काळजी कळवायला एवढी खाडाखोड लागत नाही. कोणासाठी जमवत होते मी ते वाक्य? काल रात्रीपासून उत्तर शोधते आहे आणि जे सापडतं ते मला आवडत नाही.

यापुढे पत्र नाही.

कलावती फणसे



दादर,
१४ फेब्रुवारी

कला,

चोरी केली. कबूल. तबकडी आता परत घेता येत नाही, देशभर गेलीय. तेही कबूल.

पण तुझं पत्र वाचून दाखवतो तेव्हाच लोक हसतात, हे तुला माहीत नाही. विहिरीत पडण्यावर कोणी हसत नाही आता. तीन वर्षं झाली, माझं स्वतःचं असं एक वाक्य जमलेलं नाही. शनिवारी पडदा वर गेला की खिशात तुझा कागद आहे ना ते मी हात लावून बघतो. हे मी कोणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. म्हणजे आताच्या.

येत का नाही, तेही सांगतो. आबा गेले तेव्हा मी तेरा वर्षांचा. मिठागरावरून आणून अंगणात ठेवलेले. बाया रडत होत्या आणि आई नुसती बसलेली, दगडासारखी, डोळा हलत नव्हता. मला भीती वाटली, ही पण गेली. मी तिच्या कानाशी आबांचा आवाज काढला, “ठमे, भाकर वाढ.” ती हसली. मग माझ्या कानाखाली दिली. मग पुन्हा हसली, मग रडली. त्या दिवसापासून आईशी मी माझ्या आवाजात बोललेलोच नाही. गेलो की ती म्हणते, कर रे सावकाराची नक्कल, कर रे मास्तराची. मी करतो. निघतो. आता तू म्हणतेस, दहा दिवस बस आणि हसवू नकोस. मग मी तिथं काय करू? मला येतं काय दुसरं?

तरी येतो. २ मार्च. सोबत तुझ्यासारखंच पोस्टकार्ड ठेवतोय, एकच खोडलंय. आईला वाचून दाखव.

गोपी



कोपर,
१८ फेब्रुवारी

श्री. गोपीनाथ यांस,

यापुढे पत्र नाही असं लिहिलं होतं. हे पत्र नाही, सूचना आहेत.

काय करू, असं विचारलंत. बसा. बायकांचा वॉर्ड आहे, पुरुषांना सकाळी दहा ते संध्याकाळी सहा आत येऊ देतात, पहिल्या दिवशी तेवढं सातपासून. मला शाळा आहे, तेव्हा दिवसा तुम्ही आणि सहानंतर मी. पाणी चमच्यानं पाजायचं. पेज भरवायची. माश्या वारायच्या. तोंडातून आवाज काढायचा नाही, कोणाचाही. नर्सबाईंनी ओळखलं आणि नक्कल करायला सांगितली तरी नाही.

एकमेकांना काही कळवायचं असेल तर चिठ्ठी लिहून उशाजवळच्या तांब्याखाली ठेवू. फाटकात बोलायचं नाही. तिथं तुमच्याभोवती लगेच चार माणसं जमतील आणि तुम्ही लगेच रंगात याल.

जूनच्या आत हे मार्गी लागलं पाहिजे. कारण विचारू नका.

कलावती



ठाणे, इस्पितळ
२ मार्च, संध्याकाळी

डोळा झाला. डॉक्टर म्हणाले, आतापर्यंत चांगलं आहे, पुढचं पट्टी सोडल्यावर.

आठ वाजता आत नेणार होते, तुमचा पत्ता नाही. आई खाटेची दांडी सोडेनात. तुमचं पोस्टकार्ड मी वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, “कारडाला पाय हायत का?” शेवटी मी म्हटलं, “गोपीनाथ येतील. नाही आले तर मी आहे.” तेव्हा त्यांनी दांडी सोडली.

तुम्ही साडेदहाला आलात. उशीर का झाला?

क.



३ मार्च

कला,

आठला आलेलो. समोरच्या हॉटेलात बसून फाटकाकडे बघत होतो. चहा पीत होतो. किती कप झाले ते त्या मालकाला विचार, त्यानं माझी सही घेतली आणि चहा फुकट दिला, मग उठवेना.

इथं वेगळीच गंमत. (गंमत नाही.) आईला पटतच नाही मी आलोय ते. तू काल सांगितलंस, नर्सनं सांगितलं. आई म्हणते, “खोटा. गोपी असता तं आतापरत बोलला नसता का?” मी तुझ्या सूचनेप्रमाणे तोंड मिटून. दुपारी राहवेना. वाकलो आणि म्हटलं, “आई, मीच आहे.” तर म्हणते कशी, “तो बाजा बंद कर गो कोनी तरी. दुखनेकऱ्यांच्या घरान बाजा लावतान मेले.”

पुन्हा म्हणून बघितलं. साधं. कला, साधं जमतच नाही. ‘आई’ म्हणायला गेलो तर तबकडीतला ‘आई’ निघतो. वर्षानुवर्षं वापरून वापरून तो तसाच झालाय. मी गप्प बसलो. आता आईचं म्हणणं, सुनेनं रोजावर माणूस बसवलाय.

गो.



४ मार्च

मी काल रात्री पुन्हा स्पष्ट सांगितलं की तो भाड्याचा माणूस नाही, तुमचा मुलगा आहे. त्या म्हणाल्या, “तू शिकलेली, तुना बोलाय येतं.” खरं सांगून झालं. याहून जास्त खरं मला सांगता येत नाही.

तुम्ही बसत राहा. पेज गरम देऊ नका, काल जीभ भाजली म्हणाल्या.

क.



६ मार्च

कला,

हे वाचून लगेच फाड. नाही फाडणार तू, नक्कल करून ठेवशील. असो.

आई त्या रोजावरच्या माणसाशी बोलायला लागलीय. म्हणजे माझ्याशी. आज दोन तास. मी हुं सुद्धा केलं नाही.

म्हणाली, माजा पोरगा मोठा मानूस हाय, कर्ण्यान बोलतो. त्याला मी बोलावत नव्हते. मना ठावं व्हता तो येनार नाय, म्हनून तर अट घातली. तो आला तरच डोला करीन, असा बोलले, म्हंजे डोला कराचाच नाय.

मी पेजेचा वाडगा हातात धरून तसाच.

मग म्हणाली, “डोले आयले का माजी सून जाल. कागदावर ती माजी कोनी नाय. आंधली म्हातारी टाकून जानारी ती नाय, म्हनून रेलीय. मना दिसाया लागला का तिला कोन अडवनार? आंधली होते ती बरी होते.”

हसली नाही, रडली नाही. पट्टीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “बाबा, पानी दे.”

मी पाणी दिलं. हे तुला कळवल्याशिवाय राहता येईना. तू कुठे जाणार आहेस का, कला? जूनचं काय आहे?

गोपी



७ मार्च, रात्री

तुमची चिठ्ठी वाचली तेव्हा आईंना झोप लागली होती. मी खाटेशेजारी जमिनीवर बसून लिहिते आहे.

हो. जूनचं आहे. ठाण्यातल्या एका कन्याशाळेनं मला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं आहे. शाळेला मुलींचं वसतिगृह आहे, म्हणून मुख्याध्यापिकेनं आवारातच राहायचं. वर दोन खोल्या. पत्र नाताळाआधी आलं. हो-नाही कळवायला त्यांनी मला एप्रिलअखेरपर्यंत वेळ दिला आहे. वीस वर्षं शिकवते आहे. अशी जागा पुन्हा येणार नाही.

आता हेही लिहिते. ३ जानेवारीला मी तुम्हाला घाईनं पत्र लिहिलं, त्यात उन्हाळ्याचं कारण दिलं. ते खोटं नव्हतं. पण डोळा झाला की आई आपलं आपण करतील आणि मी मोकळी होईन, असा हिशोब त्यामागे होता. तो मी स्वतःलाही नीट सांगितला नव्हता. तुम्हाला मी चार पानं सुनावली, आईला टाळता म्हणून. तुम्ही उघड टाळत होता. मी डॉक्टरांमार्फत टाळत होते. आंधळ्या माणसानं ते बरोबर पाहिलं.

जाणार का, असं तुम्ही विचारलंत. मला माहीत नाही. उगीच धीराचं काही लिहू नका.

क.



८ मार्च

काही लिहीत नाही. बसलोय.

गो.



कोपर,
२१ एप्रिल

श्री. गोपीनाथ यांस,

तुमचं ५ तारखेचं पत्र मिळालं. त्यात एकही विनोद नव्हता, म्हणून अक्षर तुमचंच आहे ना ते दोनदा पाहिलं.

तुम्ही विचारलंत, आईला सांगावं का, की दहा दिवस बसलेला माणूस मीच होतो. १२ मार्चला पट्टी सोडली तेव्हा तुम्ही कोपऱ्यात उभे होतात आणि त्या धूसर दिसणाऱ्या पांढऱ्या सदऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या होत्या, “या बाबाला चा पाजा रे कोनी, बिचारा लय बसला.” तुम्ही ‘जातो’ म्हणून गेलात. त्यानंतर तुम्हाला जे वाटत होतं ते तुम्ही लिहिलं आहे. मी पंधरा दिवस यावर विचार केला. गेल्या गुरुवारी चष्मा आला. जाड भिंगाचा आहे, पण उजव्या डोळ्यानं आता सुईत दोरा ओवणं सोडून सगळं जमतं. मी मनाशी ठरवलं, चष्मा आला की खरं ते समोर ठेवायचं. काल जेवण झाल्यावर बसवलं आणि म्हटलं, “आई, तो माणूस गोपीनाथच होता. तुम्हाला पटो न पटो.”

तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, “मना ठावं हाय.”

“कधीपासून?”

“पयल्या दिसापासून. बसताना त्याचा गुडघा वाजतो. बापाचा बी वाजे.”

“मग बाजा बंद करा काय, रोजावरचा माणूस काय! मी रोज घसा फोडून सांगत होते!”

“तू रोज खरा बोलत व्हतीस, मी रोज नाय बोलत व्हते. तुजा काय गेला त्याच्यान? मी त्याला वलखला असता तं त्याना नकला केल्या असत्या. मी हसले असते. डाक्तर बोललाय ना, हसाचा नाय?”

मग विचारलं, सुनेबद्दल जे म्हणालात, तेही असंच का? तेव्हा मात्र त्यांनी सूप खाली ठेवलं.

“ते खरा व्हता. पन ते त्याला सांगतला, म्हंजे तो तुना सांगल. तांब्या उचलताना कागद वाजं तुमचा. तुज्या तोंडावर बोलले असते तं तू चार दिस इचार करत बसली असतीस, आनि मंग माज्यासाठी म्हनून रेली असतीस. तसा नको मना.”

पाहा हे. तुम्ही माझी पत्रं चोरून गावभर केलीत, तर मी कोर्टात गेले. आईंनी तुम्हालाच पाकीट करून मला पाठवलं आणि मला दीड महिना पत्ता नाही. या घरात एका माणसानंही सरळ समोर बसून एक वाक्य बोलू नये? मी असं म्हटलंही, मोठ्यानं. त्यावर आई हसल्या. आता हसायला परवानगी आहे, हे लक्षात येऊन मग थांबेचनात. मीही हसले. त्याचं कारण सांगता येणार नाही, मी त्या वेळी पुष्कळ चिडलेली होते.

मग मी सरळ समोर बसून विचारलं. “ठाण्याला येता का माझ्याबरोबर?”

घर कोण बघणार, असं त्या म्हणाल्या. गोमाजी बघतील, सुट्टीत आपण येऊ, असं मी म्हटलं. तिथं माझ्याशी बोलणार कोण, असं म्हणाल्या. साठ मुली आहेत वसतिगृहात, असं मी म्हटलं. जरा वेळानं म्हणाल्या, “ठान्याला बी खाडीच हाय. वारा तोच.” हे हो समजायचं का, असं विचारलं, तर म्हणाल्या, शिकलेल्या मानसाला एवढा बी समजत नाय?

आज शाळेला होकार कळवायला ठाण्यास गेले होते. एक छापील कागद भरायचा होता. ‘अवलंबून असलेली माणसं व त्यांचं नातं’ असा रकाना आहे. टाक हातात घेऊन मी बराच वेळ बसले. खोटं लिहायचं नव्हतं. कायद्यानं काय आहे ते मला कोणापेक्षाही जास्त माहीत आहे. शेवटी ‘ठमाबाई केणे, सासू’ असं लिहिलं. कारकुनानं कागद वाचला, माझं आडनाव पाहिलं, पुन्हा कागद वाचला. म्हणाला, “बाई, पण आपला तर... म्हणजे ऐकलं होतं की...” मी म्हटलं, “बरोबर ऐकलंत.” तो आणखी काही विचारणार होता, पण त्यानं शिक्का मारला.

तेव्हा तुमच्या आईचा पत्ता जूनपासून बदलेल. तुम्ही यायचं असेल तर रविवारी दुपारी या. नक्कल केलीत तरी चालेल, पण त्याआधी दहा मिनिटं नुसतं बसायचं. ते तुम्हाला येतं, हे आता सिद्ध झालं आहे.

आणि हे पत्र कुठल्याही कर्ण्यातून ऐकू आलं तर मी पुन्हा कोर्टात जाईन. या वेळी घटस्फोट कशापासून मागायचा, ते तिथं गेल्यावर बघू.

यातही दोन ठिकाणी खाडाखोड आहे. ती राहू देते.

कलावती

ता. क. खोल्या वर आहेत, हे सांगितलं. जिना विचारायचा राहिला. उद्या: शाळा सुटल्यावर ठाण्यास जाऊन त्या जिन्याच्या पायऱ्या मोजणे, आणि धरायला कठडा आहे का ते पाहणे.